पंखा छान आलाय

रविवार, ४ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचा फोटो मिळाला. पंखा छान आलाय.

पंख्याखाली उरलेल्या जागेत एक डोळा, एक कान, अर्धं कपाळ आणि अर्धी जिवणी आहे, त्यावरून तुम्हीच असाल असा मी अंदाज बांधला. इतक्या वर्षांनी तुमच्याकडून काहीतरी येतं आणि त्यात निम्मं छत. बरोबर एक शब्द नाही. "कशी आहेस" नाही, "ओळखलंस का" नाही. मग हसू आलं. गेल्या काही दिवसांत आलेलं हे पहिलंच हसू, म्हणून आधी आभार मानते आणि मग चुका काढते.

फोन डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित वर धरावा. हात पूर्ण लांब करू नये, थरथरतो. खिडकी पाठीशी नको, समोर हवी. पडद्यावरच्या स्वतःकडे बघत बसू नये, वरच्या बारीक भिंगाकडे बघावं. आणि बटण दाबण्याआधी आपण सगळ्या चौकटीत मावलोय ना, एवढं पाहून घ्यावं. माझा जन्म लोकांच्या फोटोंवर हात फिरवण्यात गेला. मिटलेले डोळे उघडून दिले, वाकड्या कॉलरी सरळ केल्या, कुणाची पुटकुळी पुसली, कुणाची झोप. पण चेहराच चौकटीबाहेर राहिला तर मी तरी काय करणार?

उत्तर फोनवर न देता कागदावर का, असं तुम्हाला वाटेल. दिवसभर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरपुढे बसून डोळा शिणतो, पडद्याकडे बघवत नाही. आणि बोलायचा सध्या कंटाळा आलाय. कागद बरा. त्याला आपलं तोंड दिसत नाही.

बाकी इकडे ठीक. तुमचे दीर फोटो काढतात, मी ते दुरुस्त करते. भावजी दुकानात होते तेव्हा चालायचं तसंच, फक्त आता गिऱ्हाइकाला हसवणारं कुणी नाही. तुमचे दीर नुसतं "हसा" म्हणतात, आणि ते असं म्हणतात की हसणारा माणूसही गंभीर होतो.

सोबत माझा एक ताजा फोटो ठेवते. नीट बघून घ्या, फोटो असा काढायचा असतो.

धाकटी


रविवार, १८ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमची एक ओळ आली. "फोटो छान आहे. पण माझी खूण कुठे गेली?"

चोर मुद्देमालासकट सापडावा तसं झालं मला. डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण तुम्ही शोधाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवायचं होतं आणि दोघे भाऊ वरची बाजू आधी की खालची, यावर वाद घालत बसले होते. म्हणून आपण दोघींनीच ते उचललं, आणि तुमचा हात सुटला. दवाखान्यात माझं डोकं धरायला तुम्ही मोठ्या धीराने उभ्या राहिलात आणि पहिला टाका पडताच स्वतःच खाली कोसळलात. डॉक्टरांनी मला तशीच अर्धी शिवलेली सोडून आधी तुम्हाला उचललं. तेव्हापासून भुवई माझी आणि खूण तुमची.

तर आता खरं सांगते. तो फोटो माझाच आहे, पण निम्मा. जानेवारीत एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी तोंडात राहीना, डाव्या कोपऱ्यातून सरळ खाली. आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली. भुवई उचलत नव्हती, डोळा मिटत नव्हता, ओठ एकीकडे ओघळलेला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं भरून येतं, काहींचं थोडं राहतं, धीर धरा. मी त्यातलं "काहींचं राहतं" एवढंच बरोबर घेऊन घरी आले. झोपताना डोळ्याला पट्टी चिकटवावी लागते. ओठ मिटत नाहीत, त्यामुळे प, ब, म यांनी माझी साथ सोडली आहे. एरवी माझं निम्मं बोलणं कानाआड करणारे तुमचे दीर आता प्रत्येक शब्दाला "काय म्हणालीस?" विचारतात. एवढं लक्ष त्यांनी लग्न झाल्यापासून दिलं नव्हतं.

मग मी धंद्यातली युक्ती वापरली. उजवी बाजू धड होती. तिची नक्कल घेतली, आरशात दिसते तशी उलटी केली आणि डाव्या जागी बसवली. मधली रेघ पुसली. झाला चेहरा तयार. उजवीकडे खूण नाही, म्हणून डावीकडेही नाही. गिऱ्हाइकाच्या फोटोत मी असली चूक कधी केली नसती. स्वतःचा होता म्हणून हात भरभर चालला.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं का हो? इतकी वर्षं सगळं चिडीचूप आणि नेमकं आत्ताच तुम्हाला फोटो पाठवावासा वाटला? मला फिजिओथेरपीवाल्या मुलीचा संशय आहे. तिची तुमची ओळख असण्याचं काही कारण नाही, पण मला सध्या सगळ्यांचाच संशय येतो.

आता त्यामागून आलेला दुसरा निरोप. चिमणीचं लग्न ठरलं, वाचून मी उठून दिवा लावला, भर दुपारी. काय करावं ते कळेना म्हणून. तुमची लेक खरी, पण तिच्या शाळेच्या वेण्या मी घातल्यात. "दोघं या, तिला घरातल्या सगळ्यांचा एक फोटो हवाय," असं तुम्ही लिहिलंत. पण जाऊबाई, मी येणार नाही. हे तोंड घेऊन कुठे येऊ? पोरीने जन्मभर जपायच्या फोटोत मी एका कोपऱ्यात रडकी दिसणार. पाहुणे विचारणार, या कोण, यांना काय झालं, आणि चिमणी सांगत बसणार.

तुमच्या दिरांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. मामंजी ऑपरेशनमधून परत आले नाहीत त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ते भावजींना म्हणाले होते, "ऑपरेशनचा हट्ट तुझा. पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." दळण आणतो म्हणून विसरणारा माणूस, पण हा एक शब्द त्याने इमानाने पाळलाय. म्हणजे आता आमच्या घरात एकाला तोंड बघायचं नाही आणि एकीला दाखवायचं नाही. आमचे आशीर्वाद तेवढे चिमणीला कळवा.

खूण विचारलीत त्याबद्दल मनापासून आभार. इथे सगळ्यांना तो फोटो पटला होता. शेजारीण तर म्हणाली, काय छान आलाय. तुम्हाला एकटीला पटला नाही, आणि त्याचं मला इतकं बरं वाटलं की ते लिहून सांगायला हवं होतं.

धाकटी


रविवार, ३ मार्च

जाऊबाई,

मी नाही म्हटलं त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. रुसला नाहीत, समजावलं नाहीत. फक्त आपला रविवारचा फोटो. या खेपेला अर्ध्या तुम्ही आणि शेजारी पडद्याची दांडी, खाली तुमचा अंगठा. आणि एक वाक्य. "मी माझा पाठवते, तू तुझा खरा पाठव."

खरा फोटो तसा मला काढायचाच होता. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते, दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा, म्हणजे फरक कळेल. भुवया वर करून, डोळे मिटून, गाल फुगवून, दात दाखवून, शीळ घातल्यासारखे ओठ करून. मी मान डोलवून यायची आणि काढायची नाही. तुमचे दीर काढून देतो म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. कॅमेऱ्यामागून ते एक डोळा बारीक करून बघतात ना, तशा नजरेने त्यांनी मला बघायला नको होतं. स्टुडिओतला आरसा आठवतो का, दोरीने कंगवा बांधलेला? त्यावर मी कॅलेंडर लावून टाकलंय. परवा एक गृहस्थ कॅलेंडरसमोर उभं राहून भांग पाडून गेले, बिचाऱ्यांना वाटलं असेल आमच्याकडची पद्धत आहे.

आधी फोनवर करून पाहिलं. सेल्फीचं वाईट हे की फोटो निघायच्या आधीच आपण आपल्याला दिसतो. आणि दिसलं की माणूस सावरतो. मी मान वळवायची, केस गालावर ओढायची, हनुवटीखाली हात घेऊन ओघळलेली बाजू हळूच वर उचलायची. असे पुष्कळ काढले. सगळे लबाड.

शेवटी गुरुवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मोठा कॅमेरा स्टँडवर चढवला, टायमर लावला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या स्टुलाला मी फक्त फडकं मारलंय, कधी बसले नव्हते. ते डुगडुगतं, जाऊबाई. लोक आमच्या फोटोंत इतके अवघडलेले का दिसतात ते मला आत्ता कळलं. तुमच्या दिरांना सांगून पायाखाली पुठ्ठा घालून घेतलाय.

पहिल्या फोटोत नुसतं स्टूल आलं, मी पोचलेच नव्हते. दुसऱ्यात मी खाली पडलेली पिन उचलत होते. तिसऱ्याला नीट बसले आणि मग कळलं की इथे आपण आपल्याला दिसतच नाही. समोर फक्त ते काळं भिंग. त्याच्याकडे बघून हसायचं म्हणजे विहिरीत हाक मारण्यासारखं. पलीकडे कुणीतरी उभं आहे असं धरून चालावंच लागतं. मी तुम्हाला उभं केलं. कपाट हातातून सुटलं तेव्हा तुमचा जो चेहरा झाला होता, त्या चेहऱ्याने. आणि मला हसू फुटलं, अर्ध्याच तोंडाने, पण आपोआप.

तो फोटो सोबत आहे. काहीही पुसलेलं नाही. खूण जागेवर आहे, तपासून घ्या.

छापून टेबलावर ठेवला तेव्हा सवयीने त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं बघितलं. डाव्या बाजूला एक सुरकुती नाही, सगळ्या ओढून सपाट झाल्यात. त्या बाजूने मी दहा वर्षांनी तरुण दिसते, वय सगळं उजवीकडे गोळा झालंय. तुमच्या दिरांना दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे, यापुढे मी डावीकडे बसत जाईन." मग तो फोटो त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीला टाचणीने लावला. मी काढला नाही.

लग्नाचं मात्र विचारू नका. बंद दुकानात एकटीने स्टुलावर बसणं वेगळं आणि भरल्या हॉलमध्ये चारशे डोळ्यांसमोर जाणं वेगळं. आणि कृपा करून अंगठा बाजूला ठेवत जा. पत्र एवढं मन लावून वाचता, मग सूचना तेवढ्याच कशा वगळता?

धाकटी


बुधवार, १३ मार्च

जाऊबाई,

आज रविवार नाही, पण मला धीर धरवेना.

तुमच्या सुनेचा फोन आला होता. चिमणीच्या लग्नात मी कुठल्या रंगाचं नेसणार, असं अगदी सहज विचारत होती, जणू माझं यायचं ठरलेलंच आहे. पोरगी तुमच्या तालमीत तयार झालीय. मग म्हणाली, "काकू, तुम्ही आईंना फोटो काढायला शिकवता असं ऐकलं." मी म्हटलं, शिकवते, पण डोक्यात शिरत नाही. त्यावर ती जी हसत सुटली. म्हणाली, इमारतीतल्या बायका आपले फोटो आईंकडूनच काढून घेतात. चिमणीचा जो फोटो मुलाकडे गेला आणि पसंत पडला, तोसुद्धा आईंनीच काढलेला. कोपर अंगाला टेकवून, खिडकी समोर घेऊन.

आणि मग तिने सांगितलं. दर रविवारी तुम्ही आरशापुढे उभ्या राहता आणि उजवी बाजू नेमकी चौकटीबाहेर जाईल असा फोन धरायची तालीम करता. मनासारखा आला नाही तर पुन्हा काढता. तिने विचारलं, आई, हे काय चाललंय? तर तुम्ही म्हणालात, "तिचा अर्धा चेहरा रुसून बसलाय. मी अख्खा घेऊन तिच्यापुढे कशी जाऊ?"

फोन ठेवला आणि तुमचे सगळे फोटो काढून बघितले. पंखा, कपाटाचं दार, पडद्याची दांडी. प्रत्येकात फक्त डावी बाजू. माझी जी गेली, तीच. माणसांच्या चेहऱ्यांवर पोट भरणारी मी, आणि हे मला दिसू नये? वर तुम्हाला धडे देत होते. किती हसला असाल. हसा, तुमचा हक्क आहे.

मी काय केलं ते सांगते. स्टुलावरच्या फोटोतली माझी उजवी बाजू घेतली आणि तुमची डावी तिला जोडली. मधली रेघ मुद्दाम पुसली नाही. नाकं जुळत नाहीत, तुमचं सरळ, माझं बसकं. माझे केस रंगवलेले, तुमचे पांढरे. पण बाई हसतेय, पूर्ण तोंडभर. हा फोटो मी कुणाला दाखवलेला नाही आणि तुम्हालाही पाठवत नाही, तो माझ्याजवळ राहील. सख्ख्या बहिणीने माझ्यासाठी असं केलं नसतं. मला बहीण नाही, पण असती तरी केलं नसतं. तुमचे उपकार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून नुसतं लिहिते की मी फार, फार आभारी आहे. हे लिहितानाही डावा डोळा गळतोय. त्याचं ते नेहमीचंच, पण आज उजवाही.

तुम्हाला कुणी सांगितलं, तेही तिच्या तोंडून निघून गेलं. मी तपासणीला आत गेले होते तेव्हा तुमच्या दिरांनी बाहेरच्या बाकावरून तुम्हाला फोन केला होता. "वहिनी, तिच्या चेहऱ्याचं काहीतरी झालंय हो, मला काही सुचत नाही," एवढं म्हणाले आणि पुढे बोलता येईना. तुम्ही म्हणालात, "ठेव आता, मी बघते." घरी मात्र हा माणूस मला रोज सांगत होता, काही झालेलं नाही, तू उगाच बाऊ करतेस. मी त्यांना अजून काही बोलले नाही. बोलले तर लाजतील आणि दोन दिवस जेवताना पेपर वाचतील.

जाऊबाई, मी लग्नाला येते. फोटोत तुमच्या शेजारी उभी राहते, जे दिसेल ते दिसो. डावी भुवई कालपासून जराशी हलते, खूण वरखाली झाली की कळतं, पण ती हलली नसती तरी आले असते. तुमच्या दिरांचं सांगता येत नाही. त्या फोनविषयी त्यांना विचारता येत नाही आणि भावजींविषयी तर मुळीच नाही. मी एकटी आले तर चालेल ना? चिमणीला सगळ्यांचा फोटो हवाय आणि एक माणूस कमी असेल, हे मला टोचतंय.

एकच मागते. आता अर्धं पुरे. येत्या रविवारी अख्ख्या या.

धाकटी


रविवार, २४ मार्च

जाऊबाई,

आलात. अख्ख्या, सरळ, समोरून उजेड, डोळे भिंगात. आमच्या दुकानातसुद्धा इतका चांगला निघाला नसता. किती पांढऱ्या झालात आणि किती छान दिसता.

आणि तुमच्या खांद्यामागे भावजी.

तुम्ही त्यांना बोलावलंत की ते आपण होऊन आले, ते भेटल्यावर सांगा. केस ओले करून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. हनुवटी खाली, खांदे सैल, मान ताठ. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं तसे स्वतः उभे राहिलेत. फक्त जगाला हसवणारा तो माणूस स्वतः मात्र हसलेला नाही. कॅमेऱ्याकडे असं बघतायत की पलीकडे कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुमचे दीर कॅमेऱ्याची भिंगं पुसत बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं, मान फिरवतील. फिरवली नाही. बघत राहिले. मग म्हणाले, "जरा मोठा कर." मी मोठा केला. तुमचा चेहरा बाजूला सरकला आणि पडदाभर भावजी राहिले. कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, मामंजींसारखा झालेला ओठ.

"दादा म्हातारा झाला गं," ते म्हणाले.

त्यांनी भिंगं डब्यात ठेवली, डबा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मग उठून आरशावरचं कॅलेंडर काढलं, दोरीचा कंगवा घेतला आणि भांग पाडला. मला म्हणाले, "ये इकडे. फोन मला दे, माझा हात लांब आहे."

आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढणारा हा माणूस, पण स्वतःचा त्याने आज पहिल्यांदा काढला. भिंगाकडे बघावं की स्वतःकडे, कळेना. हात पूर्ण लांब केला. मी म्हटलं, कोपर अंगाला टेकवा. ते म्हणाले, मला शिकवू नकोस. आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले.

फोटो सोबत आहे. फोनवरच पाठवणार होते, पण ते म्हणाले, छापून पाठव, दादाला पडद्यावर नीट दिसत नसेल. कुणाचंही काही पुसलेलं नाही. माझं तोंड वाकडं आहे आणि त्यांचे डोळे ओले आहेत, तो उजेडाचा दोष समजू नका. तिकिटं दोघांची काढली. चिमणीला सांगा, फोटोत सगळे असतील.

आमचाही पंखा छान आलाय.

धाकटी